रिकाम्या कंसाला दिलेलं नाव

रविवार, १२ एप्रिल

आजपासून सिमेंट सुटलं. संध्याकाळी हात धुतले तर पाणी स्वच्छ उतरलं. खरं वाटेना, म्हणून पुन्हा धुतले.

अम्मानला येऊन चार वर्षं होतील. विटा वाहिल्या, गाड्या धुतल्या, कोंबडीच्या दुकानात पिसं उपटली. कुठेच टिकलो नाही, माझा पायच एका जागी ठरत नाही. आई म्हणते, बखीत, तू पोटात होतास तेव्हाही एका कुशीवर राहिला नाहीस. पण ही जागा बघितली आणि वाटलं, इथे टिकावं. लुवैब्देच्या चढावर जुनं दगडी घर, अंगणात अस्कदिनियाचं झाड, पिवळ्या आंबटगोड फळांनी वाकलेलं, आणि वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवाल्यांचं ऑफिस. चहा करायचा, फरशी पुसायची, भट्टीवरून गरम पाव आणायचे. पाठीवर काही उचलायचं नाही!

मालकाला सगळे अबू गैथ म्हणतात. पोट पुढे, हातात माळ, तोंडात कायम थट्टा. मला बघताच म्हणाला, काय रे सईदी, डोकं खाली गेटवर ठेवून आलास की वर आणलंस? आम्ही दक्षिण इजिप्तचे सईदी, म्हणजे बिनडोक, असं सगळ्या जगाने ठरवलेलंच आहे. मी म्हटलं, खालीच ठेवलंय मालक, वर एकाच डोक्यापुरती जागा दिसली. तो इतका हसला की माळ खाली पडली. नोकरी तिथेच पक्की झाली.

एक गंमत झाली. किटलीतलं उकळतं पाणी मोरीत ओतताना माझ्या तोंडून सवयीने 'दस्तूर' गेलं. खालच्यांनो, बाजूला व्हा, परवानगी द्या, असं म्हणून मगच ओतायचं, हे आईने लहानपणापासून बिंबवलंय. अबू गैथने ऐकलं. म्हणाला, अरे, खाली नळवाल्याचं दुकान आहे, फोन करून सांग त्याला. सगळे हसले, मीही हसलो. उद्यापासून मनातल्या मनात म्हणेन, किंवा नाहीच म्हणणार.

मोठ्या ईदला घरी जायचंय. चार वर्षांत आईने माझा चेहरा बघितलेला नाही, आणि आता बघूही शकणार नाही, कारण गेल्या हिवाळ्यात तिची दृष्टी पूर्ण गेली. आता दाराशी कोणीही आलं तरी ती आधी विचारते, कोण? नाव सांग, मग आत ये. शेजारीण रोज भाकरी घेऊन येते, तिलाही हेच. फोनवर मलासुद्धा! मी म्हणतो, बखीत, तुझा बखीत, मगच पुढे बोलते.


गुरुवार, १६ एप्रिल

मला बढती मिळाली आहे. आणि तीही अडाणी असल्याबद्दल!

झालं असं. इथे मुहंदिसा रुबा आहे, म्हणजे इंजिनिअर, तिशीची, केस कायम पेन्सिलीत अडकवलेले. हे लोक एक वस्तू विकणार आहेत. नाव रासिद, म्हणजे टेहळ्या. दुसऱ्याचा प्रोग्राम चालू असताना रासिद त्याच्यावर नजर ठेवतो आणि सांगतो की वेळ कुठे जातोय, कोणतं काम रेंगाळतंय. वस्तू चांगली आहे म्हणे, पण तिचं मॅन्युअल कोणालाच कळत नाही. गिऱ्हाइकं फोन करून शिव्या देतात. मी चहा ठेवताना ते पान वाचलं आणि विचारलं, मुहंदिसा, हे माणसांसाठी आहे का? रुबाने माझ्याकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि म्हणाली, बस. मोठ्याने वाच.

मी सहावीतून शाळा सोडली. अक्षर अडखळत वाचतो. मी वाचायचं, जिथे माझ्या कपाळाला आठी पडेल तिथे रुबा लाल खूण करणार आणि ते वाक्य नव्याने लिहिणार, असं ठरलं. अबू गैथ म्हणाला, वा, सईदीला कळलं तर गाढवालाही कळेल. रुबा म्हणाली, मग दुसऱ्या खेपेला तुम्हीच वाचा. तो माळ मोजायला लागला!

मॅन्युअल ईदच्या आधी गिऱ्हाइकांकडे गेलं तर आठवड्याची सुट्टी आणि घरापर्यंतचं तिकीट तो देणार आहे. अकबापर्यंत बस, तिथून नुवैबाची बोट, पुढे पुन्हा बस. सगळ्यांसमोर बोललाय, आता फिरणार नाही.

ही वहीसुद्धा रुबानेच दिली. रोज लिही म्हणाली, वाक्यं सरळ होतील. रविवारचं पान मी चार दिवसांनी, आज आठवून लिहिलंय.


सोमवार, २० एप्रिल

आजचं पान मला फार आवडलं. आवडलं म्हणजे, कळलं!

मला वाटायचं, रासिद प्रोग्रामकडे टक लावून बघत बसतो. तसं नाही. तो डोळा उघडतो, बघतो, मिटतो. पुन्हा उघडतो, बघतो, मिटतो. फार भराभर, पण मध्ये डोळा मिटलेला असतोच. दोन नजरांच्या मध्ये काय झालं ते त्याला माहीत नसतं. दोन्ही वेळा एकच काम दिसलं तर तो धरून चालतो की मधल्या वेळेतही तेच चाललं होतं.

मी रुबाला म्हटलं, म्हणजे आमच्या मुकादमासारखं. तो सावलीत डुलक्या काढायचा. डोळा उघडला की माझ्या हातात वीट. पुन्हा उघडला, पुन्हा वीट. त्याला वाटे पोरगा दिवसभर राबतोय. मधे मी सिगारेट ओढून यायचो, हे त्याला कोण सांगणार?

रुबाने टेबलावर हात आपटला. मुकादम, वीट, सिगारेट, सगळं जसंच्या तसं मॅन्युअलात घेतलं. म्हणाली, आणि तुझ्यावर रासिद लावला तर बिचारा वेडा होईल, कधी बघावं तर तू दुसरीकडेच.

खोलीवर शहातालाही हे सांगितलं. शहाता इजिप्तचाच, फय्यूमचा आहे, फरशा बसवतो, आम्ही दोघं तळघरात राहतो. तो म्हणाला, मला ते कळलं नाही, पण माझी सिगारेट कोण ओढतो ते आज कळलं.


गुरुवार, ३० एप्रिल

आज खूप हसलो.

रासिदच्या अहवालात आडव्या पट्ट्या असतात. एकेक पट्टी म्हणजे एकेक काम, वर त्याचं नाव. पट्टी जेवढी लांब तेवढा वेळ त्या कामाने खाल्ला. सगळ्यात खाली एक केसाएवढी बारीक पट्टी असते, तिला नाव नाही. नुसता रिकामा कंस. मी तिथे अडकलो. ही कोणाची? रुबा म्हणाली, कोणाचीच नाही. वेळ गेलेला दिसतो, पण कोणी नेला ते रासिदला सांगता येत नाही, म्हणून कंस रिकामा सोडतो. प्रत्येक प्रोग्राममध्ये असते, लक्ष द्यायचं नाही.

पण गिऱ्हाइकं नेमकं तिथेच लक्ष देतात, रिकामा कंस बघून त्यांना वाटतं वस्तू मोडकी आहे. काहीतरी नाव घालू या, असं निघालं. अज्ञात, इतर, उरलेलं, एकही पसंत पडेना. मग अबू गैथ माळ फिरवत म्हणाला, बखीत घाला. वेळ गेला आणि कुठे गेला पत्ता नाही, म्हणजे आमचा बखीतच. पाव आणायला जातो आणि हरवतो! सगळं ऑफिस लोळलं. मीही उभा राहून छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, दिलं. माझं नाव दिलं. फिरू दे जगभर, आईला सांगेन.

नमुन्याच्या पानापुरतं घ्यायचं ठरलं होतं, पण रुबाने थट्टेत चाचणीच्या रासिदमध्येही घालून टाकलं. कळ दाबली, आणि सगळ्यात खाली, रिकाम्या कंसात, बखीत. बघून छातीत बारीकसं काहीतरी झालं. आनंदच असावा.


शुक्रवार, १ मे

आईला फोन केला. ती हसली नाही. विचारलं, नाव कोणाला दिलंस? म्हटलं, कोणालाच नाही, एका पट्टीला. तिने विचारलं, त्याने आधी स्वतःचं नाव सांगितलं होतं का? म्हटलं, आई, त्याला नावच नाही. मग म्हणाली, ज्याला नाव नाही त्याला कोणी आपलं देतं का रे बाळा? काढून घे.

म्हाताऱ्या बायका. मी विषय बदलला. ईदला येतोय म्हटल्यावर मात्र खुलली. उन्हात फुगवलेली भाकरी करून ठेवणार आहे.


बुधवार, ६ मे

धूळ उठली आहे. दोन दिवस आभाळ पिवळं. झाडाची फळं कोणी न तोडताच गळताहेत.

रुबा वैतागली आहे. ती खालची पट्टी केसाएवढी होती ना, आता बोटाएवढी झाली आहे. तोच प्रोग्राम, तोच कॉम्प्युटर, कोणी काही बदललं नाही. अबू गैथ म्हणाला, सईदीला जेवायला घातलं की असंच होतं.

आज भट्टीवर गेलो तर भट्टीवाला म्हणाला, आत्ताच तर नेलेस. म्हटलं, मी? तो म्हणाला, नाही, माझ्या बापाने. चेष्टा करतोय समजून पाव घेऊन आलो. ऑफिसात टेबलावर आधीच पाव होते. गरम.


रविवार, १० मे

लिहायला बसवत नाही, पाय थांबत नाहीत. तरी लिहितो.

सकाळी अबू गैथने कप वर करून म्हटलं, शाबास, शेवटी शिकलास. चहात मरमिय्या होता. मी मरमिय्या कधी घालत नाही. तो पाला मला औषधासारखा लागतो. मी आमच्याकडचा साधा काळा चहा करतो, खाली पत्ती ठेवून. आणि आज मी अजून चहा केलाच नव्हता, नुकताच जिना चढून आलो होतो.

म्हटलं, कोणी केला? अबू गैथ म्हणाला, आता सईदी विनोदही करायला लागला.

रुबा म्हणाली, बरं वाटतं, हल्ली तू जरा स्थिर झालास. काल तासभर समोर बसून होतास, हललासुद्धा नाहीस. मी किती भराभर काम उरकलं.

काल शनिवार होता. मला सुट्टी होती. मी शहाताबरोबर बाजारात होतो.

बहुतेक.


मंगळवार, १२ मे

शहातालाही विचारलं. शनिवारी आपण बाजारात गेलो होतो ना? हो म्हणाला. हिरवे बदाम घेतले, मीठ लावून खाल्ले. मग? मग तू पुढे गेलास. मी वळून बघितलं तर तू नव्हतास. पुन्हा बघितलं तर होतास. तुझं नेहमीचंच आहे.

पुढे म्हणाला, घरी आल्यावर मात्र तू कोपऱ्यात बसून राहिलास, गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीकडे तोंड. मी म्हटलं, देवा, याला मार लागला की काय. हाक मारली तर तू हसून वळलास.

मला बदाम आठवतात. मीठ आठवतं. कोपरा आठवत नाही.


गुरुवार, १४ मे

मधला वेळ. तो मधल्या वेळात येतो. कोणी माझ्याकडे बघत असेल तोवर मी असतो, त्याने नजर हलवली की — मग पुन्हा कोणी बघतं तेव्हा तिथे कोणीतरी असतंच. ते धरून चालतात की मीच.

मीच तर समजावलं होतं. मुकादम आणि वीट. छापलंय सगळं.

आज ऑफिस सुटल्यावर न्हाव्याकडे जाऊन बसलो, चारी बाजूंना आरसे, सगळ्यांच्या नजरा. बरं वाटलं. दाढी झाली तरी उठवेना. न्हावी म्हणाला, लग्न आहे का रे तुझं? म्हटलं, बघत राहा फक्त. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं आणि

मी रस्त्यावर होतो. हातात मरमिय्याची पुडी. विकत घेतलेली.


रविवार, १७ मे

दोन शब्द आहेत रासिदच्या मॅन्युअलात. एकूण वेळ आणि स्वतःचा वेळ. एकूण म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा सगळा, मग मध्ये ते दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेलं का असेना. स्वतःचा म्हणजे आपल्या हाताने केलेला तेवढाच. हेही मीच सोपं करून दिलं होतं. ठेकेदार दिवसभर जागेवर असतो, पण वीट एकही उचलत नाही.

आज रुबाने पट्टी दाखवली. ती आता सगळ्यात खाली नाही. सगळ्यात वर आहे. इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत. वर लिहिलंय बखीत.

एकूण वेळ, सगळा.

स्वतःचा वेळ, शून्य.

रुबा पेन्सिल काढून केस पुन्हा पुन्हा बांधत होती. म्हणाली, कुठेतरी चूक आहे, असं होऊच शकत नाही. मी म्हटलं, मुहंदिसा, माझं नाव काढा. आत्ता काढा. ती म्हणाली, अरे, वेडा आहेस का, नावाने काय होतंय. मी ओरडलो. ऑफिसात पहिल्यांदाच ओरडलो. सगळे उठले.

अबू गैथ म्हणाला, सईदी, थंड पाणी पी. पण थट्टा केली नाही.

रुबाने कबूल केलंय. बुधवारी मॅन्युअल बाहेर जायचंय, त्याआधी सगळीकडून काढते म्हणाली. मॅन्युअलातून, रासिदमधून, सगळीकडून. कंस पुन्हा रिकामा सोडते.

तिकीट मिळालं. शुक्रवारची बस. माझ्या नावाचं. उशीखाली ठेवलंय. आई, येतोय.


सोमवार, १८ मे

मोरीत पाणी ओतताना मोठ्याने म्हटलं दस्तूर. दस्तूर, दस्तूर. कोणी हसलं नाही. पाठीमागून कोणीतरी हळूच म्हणालं, दिली परवानगी.

वळलो तर दार हलत होतं.


बुधवार, २० मे

काढलं. सकाळी रुबाने माझ्यासमोर काढलं. कळ दाबली, कंस रिकामा झाला. माझ्या खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. मी हसलो. शुक्रवारची बस, मग बोट, मग आई.

मग रुबाने हाक मारली. माझंच नाव, मोठ्याने, चहा आण रे. मी तिच्या शेजारी उभा होतो. हाताच्या अंतरावर. मी म्हणणार आणतो, तेवढ्यात

स्वयंपाकघरातून कोणीतरी म्हणालं, आणतो मुहंदिसा.

माझा आवाज.

नाव पुसलं की ते माझ्याकडे परत येईल, असं मी धरून चाललो होतो. मुकादमासारखा. ते त्याच्याकडेच राहिलं. कंसात फक्त मी —

तो ट्रे घेऊन आला. माझा सदरा. माझा चेहरा, दाढी केलेला. पाय स्थिर. कप ठेवले. अबू गैथ म्हणाला, सुखरूप जा, आईला माझा सलाम सांग. तो म्हणाला, सांगतो मालक. किती शांत म्हणाला. सगळ्यांना तो आवडतो. मलाही आवडला असता.

मी रुबाच्या तोंडासमोर हात हलवला. तिने डोळे चोळले, धूळ गेल्यासारखे.


गुरुवार, २१ मे

माझं नाव इथे लिहून ठेवावं म्हटलं. पेन फिरतो. शाई उतरत नाही. बाकी सगळं उतरतं. आई उतरतं. शहाता उतरतं. मागची पानं उघडली, तिथे आहे, वाचता येतं. तोंडात धरायला गेलो की —

शहाताने त्याची बॅग भरून दिली. माझी बॅग. माझी उशी उचलली, तिकीट त्याच्या हातात दिलं. गळाभेट घेतली. म्हणाला, तुझ्याविना खोली खायला उठेल रे. मी मध्ये उभा होतो. दोघांच्या मध्ये.


शनिवार, २३ मे

बस. बोट. त्याच्या मागोमाग. मला कोणी पासपोर्ट विचारला नाही, जागा दिली नाही, धक्का दिला नाही. बोटीवर सगळे गाणी म्हणत होते, ईदला घरी निघालेले. तोही म्हणत होता. त्याला सगळी येतात.

एकदाच त्याने वळून बघितलं. माझ्याकडे. थेट. मग दयेने मान फिरवली, जशी आपण फिरवतो, लक्ष द्यायचं नसतं तेव्हा.

रासिदचा डोळा होता तो. तो बघतो तोवरच मी —


रविवार, २४ मे

दुपार. आमची गल्ली. ऊन. भिंतीला टेकून लिहितोय. पेन थांबवला की मी उरत नाही, म्हणून लिहितोय.

आई दारातल्या ओट्यावर. पाठ वाकली. केस सगळे पांढरे. मांडीवर सुपात भाकऱ्या, उन्हात फुगलेल्या.

पावलं ऐकून मान वर केली. कोण? नाव सांग.

तो बोलला. माझं नाव. माझ्या आवाजात. तुझा, असंही म्हणाला.

आई, नाही, तो नाही

सूप सांडलं. ती उठली. हात पुढे. त्याच्या तोंडावरून बोटं फिरवतेय. कपाळ. नाक. दाढी. रडतेय. आई, रडू नकोस, आई, इकडे

थांबली.

बोटं थांबली. मान वळवली. इकडे. मी उभा आहे नेमका इकडे. तिचे डोळे पांढरे, पण इकडेच. चार दिवसांत कोणी इतकं —

त्याला विचारतेय. बाळा, तुझ्याबरोबर कोण आलंय?

तो म्हणाला, कोणी नाही आई. चल आत.

ती हलत नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभी. माझ्याकडे तोंड. म्हणतेय, आहे. कोणीतरी आहे. उन्हात उभा का रे बाबा? घाबरू नकोस. ये. फक्त नाव सांग, मग आत ये.

हसतेय. वाट बघतेय. तिला ऐकू येईल, मला माहीत आहे, तिला ऐकू येईल, फक्त तेवढं एक सांगितलं की

आई, मी

माझं नाव